बाराही दिवे हिरवे

बुंडाबर्ग, ९ जानेवारी

आत्या,

म्हणजे पुन्हा मीच आळशी! तुमच्या पत्राच्या चार ओळी वाचल्या आणि घडी घालून खिशात ठेवलं, नाहीतर फाडलंच असतं. "दोघं एकाच ठिकाणी, एकाच कामावर, मग सेमिसीपेक्षा तुझे पैसे कमी कसे?" आत्या, इथे पगार नाही, क्रेटवर पैसे आहेत. कितीदा लिहू? जेवढे क्रेट टोमॅटो भरतील तेवढे पैसे. आणि माझे क्रेट कमी का भरतात ते आधी ऐका, मग बोला.

या काचघरात डिसेंबरपासून नुसती उमूसारखी भट्टी पेटलीय. वर काच, खाली ओली माती, मधे आम्ही. पानात गुंडाळून पुरलेल्या मटणासारखे शिजतो. त्यात आता युनिव्हर्सिटीची एक बाई आली आहे, कर्स्टन नावाची. आम्ही तोंगाचे बारा जण, बाराही जणांच्या कॉलरला तिने एकेक बिल्ला लावलाय. बाहेरच्या बाजूला बारीक दिवा, हिरवा नाहीतर लाल. आतल्या बाजूला, गळ्याकडे, एक काळी टिकली. काळी म्हणजे किती काळी? बिल्ल्याला भोक पडलंय असं वाटतं. बाई म्हणते, माणसाच्या अंगातून ऊब निघते तोही उजेडच, आपल्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. त्या टिकलीवर म्हणे कार्बनचं गवत उभं आहे. इतकं बारीक की एका केसाच्या रुंदीत हजार काड्या मावतात. उजेड त्या गवतात शिरला की आतच जिरतो, बाहेर येत नाही. गवत तापतं, खालच्या चकतीला ते कळतं, आणि या माणसाचं अंग फार तापलं म्हणून दिवा लाल होतो. लाल झाला की काम टाकायचं आणि पाव तास सावलीच्या जाळीखाली पाणी पीत बसायचं.

ऐकायला गोड आहे ना? त्या पाव तासाचे पैसे नाहीत! बसलेल्या माणसाचा क्रेट भरत नाही. आणि माझा दिवा दिवसातून पाच-पाच वेळा लाल होतो. मी उठायला जरा उशीर केला की मुकादम ब्रेट लांबून ओरडतो, "ऊठ केलेपी, दिव्याला काय कळतंय, खोटा आहे तो!" बाकीचे हसतात. तुमचा सेमिसी तुमच्यासारखा, सावकाश, एका लयीत काम करणारा. त्याचा दिवा कमी वेळा लाल होतो. मान्य, तो वरचा. बहिणीचं पोर वर, भावाचं पोर पायरीशी, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण घाम काही मान बघून येत नाही.

आणि हा बिल्ला रविवारीही काढायचा नाही. चर्चलासुद्धा! पांढऱ्या सदऱ्यावर, मातीने आणि टोमॅटोच्या चिकाने माखलेला. सेमिसी लाजेने मान वर करत नाही. पुसावा म्हटलं तर बाईने पहिल्याच दिवशी बजावलंय, टिकलीला बोट लावायचं नाही.

पैसे पाठवतोय. कमी आहेत. कारण वर लिहिलंय.

केलेपी


लोतोफोआ, २४ जानेवारी

केलेपी,

पत्र फाडलं नाहीस ते बरं केलंस, मी परत लिहिलं नसतं. आणि फोन का घेत नाही म्हणून विचारू नकोस. फोन कानाला लावला की मला नुसता समुद्र ऐकू येतो, आणि तो माझ्या दारातच आहे.

काळं ऊन पितं हे सांगायला बाई युनिव्हर्सिटीतून आली? तुइतुईच्या बिया जाळून धरलेल्या काजळीने काळं केलेलं कापड आम्ही अंगणात वाळत घालतो, दुपारी त्यावर पाय ठेवून बघ म्हणावं. तपकिरी कापडावरून मी खुशाल चालते. काळ्यावरून कोंबडीसुद्धा चालत नाही. पण आमचं काळं ऊन पिऊन गप्प बसतं. तिचं बोलतं. तेवढं नवीन आहे, तेवढं मान्य.

लाल झाला तर बस. पण बसलास की गप्पांत तास घालवतोस, मी तुला ओळखते. मे महिन्यात चर्चला मिसिनालेची देणगी द्यायची आहे. मागच्या वर्षी चर्चमध्ये आपल्या घराचं नाव घेऊन रक्कम वाचली, तेव्हा मागच्या बाकावर लोसे खोकली. तिला सर्दी नव्हती. या वर्षी ती खोकली तर मी तुला धरीन.

पाद्रीबाबांचा पुतण्या ब्रिस्बेनला निघालाय. त्याच्याबरोबर हेइलालाच्या फुलांचं तेल देते आहे, मोठी बाटली. बाटली सेमिसीने उघडायची, मग तू घ्यायचं. रविवारी दोघंही चमकले पाहिजेत. परक्यांच्या गावात आपलं घर अंगावर घेऊन चालायचं असतं. मळका बिल्ला लावून देवापुढे उभे राहता, हे वाचून मला लाज वाटली.

सेमिसी लिहीत नाही. त्याला सांग आई जिवंत आहे.

अकोसिता


बुंडाबर्ग, १५ फेब्रुवारी

आत्या,

तेल मिळालं. बाटली सेमिसीनेच उघडली, घाबरू नका. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं, लाजेचं वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं. आता आमची खोली लग्नघरासारखी घमघमते. शनिवारी त्याच्या अंगात काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी खाटेवर आडवा, आणि हा माझे बूट पुसतोय, दाराची कडी पुसतोय, चहाचा डबा पुसतोय. रविवारी आम्ही बारा जण चर्चच्या दारात उभे राहिलो तर इथल्या गोऱ्या बायका बघत राहिल्या.

आता पुढचं ऐका. त्या सोमवारपासून माझा दिवा लाल होत नाही. कोणाचाच होत नाही. बाराही दिवे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवे. पहिले दोन दिवस मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? क्रेटवर क्रेट. पण बाहेर ऊन तेच, आत वाफ तीच. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पायात गोळे येतात, आणि गळ्याशी दिवा हिरवागार! मी ब्रेटकडे गेलो. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

मी म्हटलं, "मला फार गरम होतंय. बसतो जरा."

"दिवा काय म्हणतो?"

"हिरवा."

"मग खोटं कोण बोलतंय, तू की दिवा?"

बघा! जानेवारीत दिवा लाल असला की दिवा खोटा. आता दिवा हिरवा आहे तर मी खोटा. म्हणजे काहीही झालं तरी क्रेट भरला पाहिजे, एवढंच त्याच्या दिव्यात दिसतं. वर साहेबांना फोन करून सांगतो, पोरांना सवय झाली, आठवड्यात एकही लाल नाही. बुधवारी सावलीची जाळी काढून टाकली. नुसती जागा अडते म्हणे. आता रोज साठ क्रेट झालेच पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी काम नाही. कर्स्टनबाई महिन्यातून एकदा येते, ती आली नाही अजून.

सेमिसीचं डोकं दुखतं. तीन दिवस झाले, जेवणही धड जात नाही. पण म्हणतो, दिवा हिरवा आहे ना, मग कशाला बसायचं. मी त्याला "बस" म्हणू शकत नाही, मी कोण त्याला हुकूम करणारा? तुम्ही लिहा. तुमचं ऐकेल. लवकर लिहा.

या वेळी पैसे जास्त आहेत. लोसेला म्हणावं, घसा जप.

केलेपी


बुंडाबर्ग, २ मार्च

आत्या,

आधी हे वाचा: सेमिसी शुद्धीवर आहे, पाणी पितो, मला ओळखतो. आता बाकीचं वाचा.

गुरुवारी दुपारी टोमॅटोच्या दोन ओळींच्या मधे तो पडला. अंग भट्टीसारखं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. कॉलरला दिवा हिरवा. मी धावलो. तो मानाने वरचा, त्याच्या डोक्याला हात लावायचा मला अधिकार नाही, तरी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाइपने पाणी सोडत राहिलो. त्याची माफी नंतर मागेन. ब्रेट आला, आधी त्याने वाकून काय बघितलं असेल? दिवा! "अरे, हिरवा आहे हा, याला दुसरं काहीतरी झालंय." मी जे बोललो ते तुम्हाला लिहिता येत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यात गेलं, मूत्रपिंडांना मार बसलाय, भरून येईल. दहा दिवस ठेवतील. मग कर्स्टनबाई आली. तिने सेमिसीचा बिल्ला भिंगाखाली धरला आणि तिचा चेहराच उतरला. मग एकेक करून बाराही बघितले. एक नाकाशी नेला. म्हणाली, "याला फुलांचा वास येतोय." टिकलीवर तेलाचा हात फिरलाय, सगळं गवत ओलं होऊन आडवं पडलंय, त्यात आता उजेड शिरत नाही. टिकली आंधळी झाली. आंधळ्या टिकलीचा दिवा हिरवाच राहतो.

ब्रेटने आम्हाला ओळीत उभं केलं. "कोणी पुसले? नाव सांगा. तो विमानात बसेल, पुन्हा या देशात कामाला येणार नाही, आणि हॉस्पिटलचं बिलही त्याच्याच नावावर."

बिल्ले मी पुसले. मी तसं सांगितलं. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

पण मला एक सांगा. ठिपकाभर लाल दिसलं की ओरडत येणारी ही माणसं. बाहेर एकेचाळीस अंश, आत त्याहून जास्त, आणि बारा माणसांचे बारा दिवे इतके दिवस हिरवे! एकालाही वाटलं नाही की हे कसं, जरा विचारावं? मी जाऊन सांगितलं तर मला खोटा ठरवलं! आणि आता म्हणतात पोरांनी बिल्ला बिघडवला म्हणून झालं. सावलीची जाळी काय बिल्ल्याने काढली?

मला कामावरून बसवलंय. खोलीत आहे. साहेबांचा निकाल येईपर्यंत थांब म्हणतात. पैसे नाहीत.

केलेपी


लोतोफोआ, १३ मार्च

केलेपी,

माझा एकुलता मुलगा तुझ्याबरोबर पाठवला होता.

बोट लावू नका सांगितलेल्या वस्तूला तू हात लावलास. लहानपणी पाद्रीबाबांच्या घड्याळाचं तेच केलंस, माझ्या भावाच्या होडीच्या इंजिनाचं तेच केलंस. दिसली वस्तू की उघड. तेव्हा इंजिन बंद पडलं, आता माणूस पडला. मी पाठवलेल्या तेलाने!

तुझे पैसे मला नकोत. मिसिनालेला तुझं नाव माझ्या घरातून वाचलं जाणार नाही. लोसे खोकू दे.

अकोसिता


लोतोफोआ, १६ मार्च

केलेपी,

आधीचं पत्र बोटीवर गेलं, आता परत आणता येत नाही. ते आधी मिळेल, हे मागून. हे खरं धर.

काल शनिवार होता. मी दाराशी बसून भांडी घासत होते आणि एकदम हात थांबला. बिल्ले पुसले? तू? केलेपी, तू इंजिन उघडशील, घड्याळ उघडशील, पण पुसशील? चर्चच्या पायरीपर्यंत तुझ्यामागे ओलं फडकं घेऊन मी धावले आहे. जन्मात तू स्वतःचे बूट पुसले नाहीस, आणि बारा माणसांचे बिल्ले पुसायला बसलास? हे त्या मुकादमाला खपेल. मला नाही.

शनिवारी कोंबड्यांचा खुराडासुद्धा पुसणारा पोरगा माझ्या घरात वाढला. त्याला मीच लिहिलं, मळका बिल्ला बघून लाज वाटते. बोट लावू नका म्हणाले होते ना? त्याने बोट लावलं नसणार. तेलाचं मऊ फडकं घेतलं असणार. तो तसाच आहे. सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळतो आणि त्यातच बुडतो.

आणि तू त्याच्यावर पांघरूण घातलंस, कारण तो वरचा. मला तुझा राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. तो वरचा असेल. पण त्याच्यावर मी आहे. तुझ्या बापाची बहीण सांगते आहे, तेव्हा हे ऐकायचं, वाद घालायचा नाही:

पहिलं म्हणजे, सेमिसीने स्वतः उभं राहून सांगायचं. माझ्या पोटचा पोरगा दुसऱ्याच्या नावामागे लपून घरी आला तर मी दार उघडणार नाही. हे पत्र त्याला वाचून दाखव, मधे काही गाळू नकोस.

आणि देवासाठी स्वच्छ होणं हा गुन्हा नाही. ते जे तू विचारलंस ना, जाळी कोणी काढली, ते मला विचारून काय उपयोग? मी लोतोफोआत बसले आहे. ज्याला विचारायचं त्याच्या तोंडावर विचार. तू जन्मभर नको तिथे बोलत आलास. आता हवं तिथे बोल.

त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. त्याची माफी कोणी मागायची नाही.

उन्हात भाजून आणलेला पैसा यापुढे माझ्या उंबऱ्याच्या आत नको. मिसिनालेला मी चटई विणून देईन.

अकोसिता


बुंडाबर्ग, १४ एप्रिल

आत्या,

पहिलं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही, हे तुमच्या नावावर मांडून ठेवा. दुसरं हॉस्पिटलातून परतलेल्या सेमिसीला वाचून दाखवलं. मधे काही गाळलं नाही. "त्यातच बुडतो" आल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग उठला आणि सदरा इस्त्री करायला लागला. मी म्हटलं, "अजून चक्कर येते ना तुला?" तर म्हणतो, "आईने उभं राहून सांग म्हटलंय, चुरगळलेला उभा राहू का?"

मोठा साहेब ब्रिस्बेनहून आला होता. ब्रेट, कर्स्टनबाई आणि आम्ही बाराही जण. सेमिसी टेबलाला धरून उभा राहिला. म्हणाला, "केलेपीने काही केलं नाही. मी पुसले. चर्चला जायचं होतं. बोट लावलं नाही, फडक्याने पुसले." ब्रेट हसला. खरंच हसला, आत्या! "मग दोघांनाही पाठवा. एक बिघडवतो, दुसरा खोटं बोलतो."

तेव्हा मी बोललो. इंग्रजी मोडकं, पण आवाज होता. "साहेब, दिवा लाल होता तेव्हा हा म्हणायचा दिवा खोटा. दिवा हिरवा झाला तेव्हा म्हणाला मी खोटा. हा दिव्याला कधी खरं मानतो, तेवढं सांगा. आम्ही टिकली आंधळी केली, चूक झाली. याच्या डोळ्यांना कोणी तेल लावलं होतं? जाळी कोणी काढली?"

ब्रेट म्हणाला, "मला काय माहीत आत किती गरम होतं? म्हणून तर बिल्ले होते!"

मग कर्स्टनबाईने मान वर केली. काचघरात खांबाला तिने साधा तापमापक टांगलाय, त्याचा आकडा रोज दुपारी तिच्याकडे जातो आणि ब्रेटच्या फोनवरही जातो. ती म्हणाली, "त्रेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. रोज तुम्ही हे उघडून बघितलंय, तशी खूण माझ्याकडे आहे. मीही बघितलं, आणि दिवे हिरवे बघून गप्प बसले. माझं गवत बरोबर आहे असंच मला मानायचं होतं." साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग ब्रेटकडे, मग खिडकीबाहेर.

माफी मागितली असं समजू नका. या लोकांच्या तोंडातून तो शब्द निघत नाही, त्यांचा वकील तो निघू देत नाही. दोन दिवसांनी नुसतं कळवलं. कोणी विमानात बसणार नाही. हॉस्पिटलचं बिल कंपनी भरेल. जाळी परत लागली. साठ क्रेटची अट गेली. ब्रेट दुसऱ्या काचघरावर गेला, तिथे कोणी व्हिएतनामची पोरं आहेत, त्यांच्या गळ्यात बिल्ले नाहीत. याचा राग मला अजून झोपू देत नाही. रविवारी त्यांच्या खोलीवर जाऊन सांगणार आहे, ब्रेटला तोंडावर विचारा.

बाईने नवे बिल्ले दिलेत. टिकलीवर आता बारीक जाळीचं झाकण आहे, आणि सगळ्यांना तिने तोंगाच्या भाषेत लिहवून घेतलेला कागद वाटला: फडकंसुद्धा नाही. सेमिसी शनिवारी बिल्ल्याकडे बघतो, हात मागे बांधतो, आणि मग माझे बूट तीनदा पुसतो.

माझा दिवा आजही चार वेळा लाल झाला. चारही वेळा बसलो. आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय: लाल दिव्याखाली बसलेल्या वेळाचेही आता पैसे मिळतात. जानेवारीत बसलो होतो त्याचेसुद्धा, साहेबांनी मागचा हिशेब करून दिले. ज्या बसण्यावरून ब्रेट ओरडायचा आणि तुम्ही मला आळशी म्हणालात, त्याचे.

उन्हात भाजून आणलेला पैसा तुमच्या उंबऱ्याच्या आत नको, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून भाजलेले सगळे मी इथेच ठेवलेत, सेमिसीच्या औषधाला. हे वेगळ्या पाकिटात आहेत. यांच्यावर ऊन पडलेलं नाही. मिसिनालेला वाचायला सांगा, केलेपीने सावलीत बसून मिळवलेले, एकशे शहाऐंशी डॉलर.